माळावरचा लाल बावटा

मित्रांनो, कामरगाव आणि धनज यांच्या मधल्या माळावर उभा राहून म्हातारा झालेला मी एक लाल बावटा आहे. आता माझा रंग विटून मातकट झाला आहे. कडा उसवल्या आहेत. पण एके काळी मला लांबून पाहून माणसं थांबत.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. त्या माळावर दर हिवाळ्यात शिपायांची चांदमारी, म्हणजे गोळीबाराचा सराव, चाले. ती तुकडी कुठली, हे मला कधी कळलं नाही. त्यांच्यासाठी कामरगावच्या इस्माईल शिंप्याने मला जाड मांजरपाटातून शिवलं आणि पक्क्या लाल रंगात बुडवलं. "वारा लागला तरी फाटनार नाही," असं म्हणत त्याने कडेला दुहेरी शिवण घातली.

शिपाई मातीच्या उंच बांधासमोर पाट्या लावून नेम धरत. मला मात्र बांधाच्या मागे अर्ध्या मैलावर, गाडीवाटेच्या कडेला रोवलं होतं. माझ्यापाशी रामधन राखण करी. तो वाटसरूंना सांगे, "बावटा खाली येईस्तोवर त्याच्या पल्याडच बसा. पल्याड भेव नाही."

जवळच्या बंजारा तांड्यावरची मोतीबाई गवताचे भारे घेऊन कामरगावच्या बाजाराला जाई. तिची ओढणी, तिची चोळी, सगळं आरसे लावून तिनेच भरलेलं असे. पहिल्यांदा ती चिडली होती.

"रामधनभाऊ, बंदुका तिकडं, बांधाच्या पुढं. मंग आमाले काहून अडवून राह्यला?"

"बाई, नेम बांधापुरता असते. चुकलेली गोळी कुठवर येईन, कोनाले ठाव?"

तेव्हापासून ती न सांगता थांबू लागली. तिच्यामुळे बाकीच्या बायाही थांबत. जुने जमादार म्हणत, "हा बावटा आहे म्हणून आम्ही निर्धास्त आहोत." मित्रांनो, ते ऐकून मला फार बरं वाटे.

मग एका हिवाळ्यात गुळगुळीत नळीच्या जुन्या मस्कट बंदुका गेल्या आणि नव्या रायफली आल्या. नवे जमादार मदनसिंग यांनी शिपायांना समोर बसवून समजावलं. तेव्हा मी रामधनच्या खांद्यावर होतो.

"नीट ऐका. छर्ऱ्याच्या बंदुकीचा मारा चाळीस यार्डांवर नेमका, पण बारीक छर्राही दोनशे यार्डांवर जाऊन पडतो. मस्कट साठ यार्डांपर्यंत भरवशाची, तिची गोळी मात्र चार-पाचशे यार्ड जाते. ही रायफल तीनशे यार्डांवर अचूक लागते. आणि अडवलं नाही, तर हिची गोळी दीड-दोन मैल जाते. वेध घेण्याची हद्द वेगळी, गोळी पोचण्याची हद्द वेगळी."

ते ऐकून रामधनने विचारलं, "जमादारसाहेब, मंग बावटा मागं न्यावा लागन ना?"

मदनसिंग घाईत होते. पाहणीला साहेब यायचे होते. ते म्हणाले, "हो, न्यायला हवा. आज राहू दे, उद्या बघू."

त्या दिवशी मी जुन्याच जागी चढलो.

सकाळी मोतीबाई आणि तिची जाऊ गोमतीबाई आल्या. मला पाहून त्यांनी भारे उतरवले आणि माझ्या मागे पळसाखाली बसल्या. गोमतीबाईला उशीर होत होता. ती म्हणाली, "चाल वं, बाजार उठून जाईन."

"बस गुमान," मोतीबाई म्हणाली. "बावटा हाय. इथं काई होत नाही."

बांधापलीकडे एका नवशिक्या शिपायाच्या रायफलीने धक्का दिला आणि नळी वर गेली. गोळी बांधावरून सुटली. माझ्या डोक्यावरून कापड टरकावं तसा आवाज गेला. मागे मोतीबाई एका कुशीवर कलली. तिच्या उजव्या खांद्यातून रक्त वाहत होतं.

गोमतीबाई ओरडली. रामधनने मला खाली ओढलं, धावत जाऊन माझ्याच कापडाने मोतीबाईचा खांदा घट्ट बांधला. तिला गाडीत घालून नेलं. वाशीमच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण हाड चुरलं होतं. तो हात पुन्हा वर झाला नाही. सुईत दोरासुद्धा दुसऱ्या कोणाला तरी ओवून द्यावा लागे.

मदनसिंग तांड्यावर गेले. टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. मोतीबाईच्या नवऱ्याने, हेमलाने, त्यांच्याकडे पाठ फिरवली. तो सोबत आलेल्या रामधनला म्हणाला, "तिनं तुहं आयकलं ना भाऊ, म्हनून ते तिथं बसली."

रामधनने परत येताच माझी काठी उपटली.

मग मला दूर, नाल्यापलीकडे रोवलं. जागा आता बरोबर होती, पण तांड्यावरचं कोणी त्या वाटेला फिरकेना. एकदा चांदमारी बंद असताना मोतीबाई शेतांमधल्या लांबच्या पांदणीने डाव्या हाताने भारा सावरत जाताना दिसली. रामधनने हाक मारली, "मोतीबाई, आज बावटा नाही चढवला. भेव नाही, इकडून ये!"

ती क्षणभर थांबली. "त्या दिवशीबी भेव नव्हतं, भाऊ," ती म्हणाली आणि चालू लागली.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कोणाच्या हाती बंदूक येईल, कोणाच्या हाती माझ्यासारखा बावटा. नेम जिथे संपतो तिथे गोळी संपत नाही, हे ध्यानात ठेवा. आणि बावटा हलवायचा असेल, तर तो आजच हलवा. त्याच्या मागे कोणीतरी विश्वासाने बसलेलं असतं.