शालिकराम ढोके यांचे आभारप्रदर्शन

मरण माणसाला एकदाच येतं, असं शास्त्र सांगतं. शालिकराम ढोके यांना ते आठवड्यातून दोनदा येई, आणि शक्यतो कचेरीच्या वेळात. छाती नगाऱ्यासारखी वाजू लागे, बोटांना मुंग्या येत, घसा कोरडा पडे. ढोके फाइल मिटून मनातल्या मनात बायको-मुलीचा निरोप घेत. मग दहा मिनिटांनी त्यांना भूक लागे.

गेल्या वर्षी वाचनालयाच्या शोकसभेत ते दोन शब्द बोलायला उभे राहिले, "कैलासवासी" एवढंच म्हणाले आणि मागच्या दाराने निघून गेले. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं. तेव्हापासून ढोके लग्नाला गेले नाहीत, सिनेमाला गेले नाहीत, आणि कुठे बसलेच तर दाराशी बसले. आता वैशाखात त्यांच्याच मुलीचं, उत्तराचं लग्न होतं. मुलीच्या बापाला दाराशी बसून कन्यादान करता येत नाही.

अशात, १९७४च्या फेब्रुवारीत, वाचनालयाचे चिटणीस दत्तोपंत यांनी परस्पर ठरवून टाकलं की वार्षिक समारंभाचे आभार ढोके मानतील.

"मले नाही जमत, दत्तोपंत."

"आभारात जमण्यासारखं काय असतं? लोक तोवर चपला शोधत असतात."

कचेरीतल्या रुपरावांनी एक झोपेची गोळी पुढे केली. ती घेऊन ढोके आवक-जावक रजिस्टरवर गाल टेकून साडेपाचपर्यंत झोपले. कामात इतका वाकलेला माणूस पाहून साहेबांनी कौतुक केलं, पण मनकर्णाबाईंना हा उपाय पसंत पडला नाही. त्यांनी नवऱ्याला सायकल रिक्षात घातलं आणि इंदोऱ्याच्या डॉक्टर इंदुताईंकडे नेलं.

इंदुताईंनी छाती तपासली, ठोक्यांच्या आलेखाची पट्टी काढून पाहिली, आणि म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. ही भीतीची लाट आहे. चढते, दहा मिनिटांत उतरते. तुम्ही ती उतरायच्या आत पळता, म्हणून तुम्हाला वाटतं, पळालो म्हणून वाचलो."

"मंग गोळी?"

"ज्याला लागते त्याला मी देते. तुम्हाला नाही लागत. लाट आली की उभे राहा. श्वास घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडा. आणि समोर जे दिसेल त्याचं नाव घ्या. एकेक. सावकाश."

"मोठ्यानं?"

"सुरुवातीला मोठ्यानं."

ढोके बाहेर पडले ते एखादा मंत्र हाती लागल्यासारखे. दुसऱ्या दिवसापासून सीताबर्डीच्या ऐन गर्दीत ते सायकल धरून उभे राहू लागले. "सायकल. गाय. संत्र्याची गाडी. हवालदार."

"काय गा, काय पाहिजे?" हवालदार म्हणाला.

"काही नाही जी. नाव घेऊन राहिलो फक्त."

तीन आठवड्यांत त्यांनी अर्धी सीताबर्डी नावानिशी संपवली. दोनदा लाट आली, दोनदा उतरली, आणि दोन्ही वेळा ढोके जागेवरच होते! आनंदाने त्यांनी घरी जाऊन मनकर्णाबाईंना समोरच्या वस्तूंची यादी म्हणून दाखवली. तीत पहिलं नाव मनकर्णाबाईंचंच आल्यामुळे त्या दिवशी भाजी बरी झाली.

पण मंच म्हणजे सीताबर्डी नव्हे. समारंभाच्या संध्याकाळी वाचनालयाच्या आवारात, भिंतीला लागून घातलेल्या मांडवात तीनशे माणूस होतं. ढोके घरून बजावून निघाले होते, "आज पळालो, तर कन्यादान तुह्या भावाले करू दे."

"बरं," मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या. धीर देण्याची त्यांची हीच पद्धत होती.

अध्यक्ष पन्नास मिनिटं बोलले. मग दत्तोपंतांनी माइकवर ढोक्यांचं नाव घेतलं, आणि खुर्च्या सरकू लागल्या. ढोके माइकपाशी पोचले तेवढ्यात लाट आलीच, आजवरची सर्वांत उंच. लिहून आणलेला कागद हातात मासळीसारखा तडफडला आणि मंचाखाली गेला. उजव्या हाताला वाचनालयाचं मागचं दार होतं. उघडं होतं. पाय तिकडे वळलेही.

ढोक्यांनी लांब श्वास सोडला. तो माइकमधून वादळासारखा ऐकू आला. उठलेले लोक थबकले.

"टेबल," ढोके म्हणाले.

फाटकाकडे वळलेल्या माना मागे फिरल्या.

"टेबलाचे आभार. शाळेतून आणलं आहे. एक पाय आखूड आहे, तरी उभं आहे."

कुणीतरी खुदकन हसलं. ढोक्यांनी पुन्हा श्वास सोडला.

"पंखा. फिरून नाही राहिला, तरी आभार. तांब्या. पाणी अध्यक्षांनी संपवलं. अध्यक्ष! पन्नास मिनिटं बोलले. थांबले, याबद्दल विशेष आभार."

आता हशा नव्हता, गडगडाट होता. उठलेले बसले, फाटकापर्यंत गेलेले परत आले. ढोक्यांची छाती धाडधाड वाजतच होती, पण तिचा आवाज आता लोकांच्या आवाजात ऐकू येईना.

"दाराजवळच्या चपला. ज्यांच्या नव्या आहेत, त्यांचे आगाऊ आभार. कांताबाई फराळाकडे निघालेल्या दिसून राहिल्या. बसा कांताबाई, चिवडा पुरते. भिंतीवरची पाल, पूर्ण भाषण ऐकणारी एकटीच. दत्तोपंत, मले न विचारता माझं नाव टाकल्याबद्दल..."

"आभार!" तीनशे माणूस ओरडलं.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. ढोक्यांना एकदम जाणवलं की बोटांतल्या मुंग्या गेल्या आहेत, घसा ओला आहे, आणि त्यांना आणखी बोलायचं आहे. ते आणखी बोलले. मांडवाचे बांबू, फाटकावरची गाय, मागचं दारसुद्धा, सगळे आले. शेवटी दत्तोपंतांनीच त्यांचा सदरा ओढला.

घरी जाताना ढोके सायकल हातात धरून जवळजवळ नाचतच चालले होते. "सांग तुह्या भावाले! कन्यादान मीच करणार!"

"त्याले इचारलंच कोणं होतं?" मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ढोके व्हरायटी चौकात हजर होते. त्यांनी पेपर तिथेच रस्त्यावर उघडला. समारंभाची बातमी पाचव्या पानावर होती. अध्यक्षांचे विचार सोळा ओळी. शेवटी लिहिलं होतं : "आभारप्रदर्शनाने कार्यक्रमाची सांगता झाली."

बातमी दत्तोपंतांनी समारंभाच्या आदल्या दिवशीच लिहून पोचवली होती.