उंबऱ्यावरचा माणूस

ताईने ट्रायपॉड तिसऱ्यांदा उचलला आणि तळ्याच्या काठाने आणखी खाली नेऊन रोवला. एक पाय दगडावरून घसरला. तिने तो लाथेने सारखा केला.

"अगं, त्याने काय घोडं मारलंय तुझं?" मागून भाऊ म्हणाला.

तिने कॅमेऱ्याला डोळा लावला. समोर तळं होतं, तळ्यापलीकडे डोंगर होते, डोंगरांवर ऊन होतं. सगळं जागच्या जागी होतं आणि तरी चित्र बसत नव्हतं. कॅलेंडरवाल्याने मागचा फोटो परत पाठवला होता. छान आहे, पण आत शिरायला वाट नाही, म्हणाला. तो म्हणाला ते खरं होतं, म्हणूनच तिला जास्त झोंबलं. नुसते डोंगर घेतले की ते भिंतीला टेकवल्यासारखे दिसतात. जवळ काहीतरी लागतं. एखादा दगड, गवताचा झुबका, पालथी होडी. नजर आधी तिथे पाय ठेवते, मग लांब जाते. बहीणभाऊ त्याला उंबरा म्हणत.

आज उंबरा सापडत नव्हता. वाळक्या ओंडक्याला तिने नावं ठेवली, शेवाळलेल्या दगडाला ठेवली. शेवटी पाण्याच्या कडेला वाकलेल्या गवतापाशी येऊन थांबली.

"खांब्या, उभा राहा तिथे."

साठी उलटलेला भाऊ, तिचा खांब्या, मुकाट गवतात जाऊन उभा राहिला. हे त्यांचं जुनं काम. तिच्या डोळ्यांना बारीक पातं नीट दिसेनासं झालं, तेव्हापासून तो उंबऱ्याच्या जागी उभा राही. ती त्याच्या चौकड्यांच्या शर्टावर नजर लावून कॅमेऱ्याची काच फिरवी, रेघा धारदार झाल्या की म्हणे, "हट!" तो बाजूला होई आणि ती फोटो घेई. तिच्या सगळ्या चित्रांत अगदी जवळचं जे स्वच्छ दिसे, तिथे आधी तो उभा असे. आणि एकाही चित्रात तो नव्हता.

तिने काच फिरवली. पुन्हा फिरवली. काही हाताला लागेना.

"चौकड्यांचा कुठाय?"

"ट्रंकेत गेला."

त्याच्या अंगात कोरा पांढरा शर्ट होता. लेकीने पाठवलेला. शनिवारी तो लेकीकडे निघाला होता, कायमचा. ताईचे यजमान गेले तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून आलेला भाऊ मागच्या खोलीत मुरला होता. आता लेक म्हणाली, बाबा, या. सकाळी गाडीत त्याने विचारलं होतं, "माझ्या खोलीत काय ठेवशील?" आणि ती फटकन म्हणाली होती, "रिकाम्या फ्रेमा." त्यावर तो हसला होता. ते हसणं तिला दिवसभर चपलेतल्या खड्यासारखं टोचत होतं.

"पांढऱ्यावर कसं दिसायचं मला?" ती करवादली. "भिंतच जशी!"

"मग काय, अंगावर रेघा ओढू?"

"हात वर कर. नको, हलतोय. मान वळव. इकडे बघ."

"बघतोच आहे."

उन्हाची कड डोंगरावरून वर सरकत होती. वारा सुटला, गवत आडवं झालं, पुन्हा उठलं. तिने काच त्याच्या चेहऱ्यावर आणली. आधी नुसता धूसर ठिपका. मग भुवया. मग डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, एकेक. हनुवटीवर राहून गेलेले पांढरे खुंट. दाढी करताना त्याला आता तिथलं दिसत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ती शर्टच बघत आली होती.

तो तळ्याकडे पाहत नव्हता. तिच्याकडे पाहत होता, शब्दाची वाट बघत, एक पाय आधीच बाजूला काढून.

मागे डोंगर लालसर झाले. तिने बोट दाबलं.

वारा थांबला. खांब्या तसाच उभा.

"ताई, हट म्हणाली नाहीस."

"नाही म्हणाले."

"अगं, मी आलो असेन त्यात!"

"आलास तर आलास."

तो गवतातून बाहेर आला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकला. डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाला, "डोंगर बरे दिसतायत की. लांबवर गेलेत." आणि थोड्या वेळाने, "कॅलेंडरवाला बोंबलेल."

"बोंबलू दे."

ऊन गेलं. त्याने ट्रायपॉड मिटून खांद्यावर घेतला. चढावर ती मागे राहिली, दम लागल्यासारखी.

"त्या फ्रेमा," ती त्याच्या पाठीला म्हणाली, "त्यांना काही तुझी खोली लागत नाही. भिंतीवर मावतात."

तो चालत राहिला. गाडीपाशी त्याने ट्रायपॉड आत ठेवला, दार लावलं, पांढऱ्या शर्टाला चिकटलेलं कुसळ उपटून फेकलं.

"ट्रंकेची किल्ली कुठे ठेवलीय कोण जाणे," तो म्हणाला. "पुढच्या फोटोला चौकड्यांचा काढायला लागेल."


ताईने गाडी सुरू केली.