दोनशे नव्याण्णव आणि एक

"पोटातलं मोजत नाहीत हो, मोठीआई," मोजणीच्या बाई हसून म्हणाल्या. "बाहेर आलेलंच मोजतात."

"कमाल आहे! शिंप्याच्या सुनेला आठवा महिना लागलाय. येणार हे नक्की, आणि तुमचं म्हणणं ते नाहीच!"

मोठीआई ही गावची सुईण. तिला खरं नावही होतं, पण ते कागदांपुरतंच. निम्मं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं, त्यामुळे तिच्यापुढे आवाज चढवायची कोणाची प्राज्ञा नव्हती. चांगल्या मिशीवाल्यांनाही ती चारचौघांत ऐकवायची, "गप रे, पायाळू! जन्मतानाच उलटा तू."

दुपार पेंगुळलेली होती. दाराच्या पायरीवर बसून बाईंनी पुन्हा बेरीज केली. "दोनशे नव्याण्णव. तुम्हाला धरून तीनशे. एक जरी कमी भरलं तरी गाडी बंद होईल, तसा नियमच आहे."

दवाखान्यापर्यंत जाणारी ती एकुलती एक गाडी तीन वर्षांपूर्वी सुरू झाली होती. सकाळी एक फेरी, दुपारी तीनला एक.

आत मोठीआईचा मुलगा तिचं बोचकं बांधत होता. तो तिला कायमची न्यायला आला होता. शहरात त्याने तिच्यासाठी खोली काढली होती, खिडकीजवळ पलंग टाकला होता. गेले कित्येक महिने दुपारी डोळा लागला की मोठीआई त्याच पलंगावर असायची. नात कुशीत शिरायची, पडलेला दात दाखवायची, आणि स्वयंपाकघरात दुसरंच कोणीतरी भांडी वाजवत असायचं. तिला जायचं होतं, अगदी मनापासून.

"मग लिहू ना? इथेच राहणार?" बाईंनी विचारलं. "साहेब केव्हाही येऊन यादीतली माणसं पडताळतात, म्हणून विचारते."

मोठीआईने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढून सगळं गाव रस्त्याने चालत निघालं. सगळे ओले, मुठी आवळलेले, वीतभर अंगाचे. पायाळू मिशीवालाही त्यांत होता, बिनमिशीचा. सर्वांत मागे शिंप्याची बायको होती, ती मात्र पुरी वाढलेली. गाडी नव्हती तेव्हा तिला खाटेवरून दवाखान्यात नेत होते. नदीच्या वळणावर मोठीआईच्या हातातला तिचा हात सैल पडला. वेळ भरली होती तिची, असं सगळे म्हणाले. मोठीआईला ठाऊक होतं, वेळ भरली नव्हती, दवाखाना लांब होता.

"आई, आटप ना! गाडी यायची झाली." मुलगा बोचकं घेऊन बाहेर आला.

"लिहा, बाई. मी इथेच राहणार."

"काहीतरीच काय! अगं, लिहू दे त्यांना हवं ते, आणि तू चल."

"लिहून जायचं? लोकांनी गळ घातली तरी एका पोराची जन्मवेळ मी कधी मिनिटभर मागेपुढे सांगितली नाही. आता म्हातारपणी खोटं बोलू होय?"

"आणि नातीला काय सांगू मी?" मुलाने बोचकं खाली ठेवलं.

मोठीआईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "सांग, आजी फार हट्टी आहे. खोटं नाहीच ते."

बाईंनी खाली मान घालून आकडा लिहिला.

तीनला गाडी आली. मुलगा खिडकीशी बसला, पण बाहेर बघेना. मोठीआईला गाडी वळणापर्यंतच दिसायची. त्यापुढची तिने कानांनी पाहिली, चढावरची, मग पुलावरची, मग नुसता बारीक घरघराट. तोही विरला तेव्हा तिला रडू फुटलं, आणि रस्त्यावर कोणी नव्हतं म्हणून तिने ते आवरलं नाही.

घराशी आली तर दाराची कडी नुसतीच लोंबत होती. मुलाने जुनं कुलूप काढून ठेवलं होतं आणि नवीन, चांगलं भक्कम, तिच्या रिकाम्या घराला लावायला आणलं होतं. ते त्याच्या खिशातच निघून गेलं होतं. मोठीआईने दार नुसतं लोटून घेतलं.