न पिसलेले पत्ते

धाकट्याला पत्ते शिकवले ते दादानंच. धाकटा तेव्हा अकरा वर्षांचा, कांजिण्यांनी अंथरुणाला खिळलेला, आणि दादा त्याच्या उशाशी बसून ब्रिज समजावत होता. पुढे धाकट्यानं आठ वेळा देशाचा चषक जिंकला, परदेशी खेळून आला, पेपरात फोटो झळकले. दादाच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक फ्रेम नाकावर ठेवून विचारायचं, चॅम्पियनचे भाऊ ना तुम्ही? दादाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नशीब हो त्याचं, पत्ते चांगले येतात, एवढंच तो म्हणायचा.

आता खरं सांगायचं तर मोठ्या स्पर्धेत नशिबाला फारसा वावच नसतो. वाटलेला डाव चार खणांच्या तबकातून टेबलाटेबलावर फिरतो. तेच पत्ते सगळ्यांना, त्यातून कोण जास्त कमावतो ते बघायचं. दादाही दरवर्षी खेळायचा, आणि तीस वर्षं त्याच पत्त्यांवर धाकटा वरचढ ठरत होता. एकदा, फक्त एकदाच त्याचं नाक ठेचावं, एवढंच दादाला हवं होतं.

यंदाच्या स्पर्धेत धाकट्याच्या टेबलावरची तबकं थेट दादाकडे येत होती. अकराव्या डावाचे पत्ते उचलले आणि दादा दचकला. पत्ते पिसलेले नव्हते! खेळून झाले की पिसून ठेवायचे, नाहीतर आपण कसे खेळलो ते पुढच्याला कळतं, हे दादानंच शिकवलेलं. आणि हा शहाणा विसरला. ज्या क्रमानं खेळला त्याच क्रमानं तेरा पत्ते दादाच्या हातात. पंचांना सांगायला हवं होतं. दादा गप्प बसला.

बोली दादानं जिंकली. समोर जोडीदार म्हणून बसलेल्या बायकोनं आपले पत्ते उघडे मांडले. सगळं अडलं होतं बदामाच्या राणीवर. ती डावीकडच्या प्रतिस्पर्ध्याकडे की उजवीकडच्याकडे? पत्त्यांच्या क्रमावरून स्पष्ट दिसत होतं, धाकट्यानं ती डावीकडे आहे असं धरलं होतं. दादानं पुढे विचारच केला नाही. त्याचं उष्टं मी खायचं? निव्वळ जळफळाटापायी त्यानं राणी उजवीकडे धरली.

राणी उजवीकडेच निघाली.

संध्याकाळी निकाल लागला. चषक नेहमीप्रमाणे धाकट्याचाच. पण अकराव्या डावात झाडून सगळे आपटले होते, धाकटासुद्धा. जमला होता एकट्या दादाला.

धाकटा खुर्ची ओढून शेजारी बसला. चषक त्यानं खाली जमिनीवरच ठेवला.

"दादा, त्या राणीपायी मी डोकं फोडून घेतलं. बोलीवरून, खेळावरून, ती डावीकडेच असायला हवी होती. तुला कसं दिसलं रे? मला शिकव ना."

हे ऐकायला दादा तीस वर्षं तळमळत होता. बायको तर कौतुकानं नुसती बघत राहिली होती.

"नशीब," दादा म्हणाला. "दुसरं काय."

धाकट्याला ते मुळीच पटलं नाही. त्यानं खिशातली वही उघडली, पेन्सिल दादाच्या हातात दिली आणि कांजिण्यांच्या वेळी बसायचा तसा हनुवटी तळहातावर टेकून वाट बघत बसला.