वहिनींची किसणी

एकोणीसशे ब्याऐंशी साल म्हणजे वहिनींची मोजायची टेप नाहीशी झाली ते साल. त्या घरात वर्षं अशीच लक्षात राहायची. चाळण गेली ते साल, छत्री गेली ते साल. किसणीला तर चार वर्षं होऊन गेली होती.

चोर घरातच होता. वहिनींची थोरली नणंद मागच्या खोलीत मोडक्यातोडक्या वस्तूंचे पुतळे करायची. गल्लीतले लोक तिला कावळी म्हणत.

वहिनी शाळेचे गणवेश शिवायच्या. मशीन स्वयंपाकघरात, चुलीपासून दोन हातांवर. पांढऱ्या सदऱ्यांना फोडणीचा वास लागायचा आणि शाळा ते परत पाठवायची. यंदाही सदरे परत आले, तेव्हा वहिनींनी पदर खोचला.

"वन्सं, रविवारपर्यंत मागची खोली रिकामी करा. मशीन तिथं जाणार."

"आणि माझी माणसं?"

"माणसं कसली, भंगार ते! भंगारवाल्याला द्या."

"अरे, तू तरी बोल काही," नणंदेनं भावाला म्हटलं.

तो घड्याळं दुरुस्त करायचा. त्यानं डोळ्याला भिंग लावलं. "ताई, मी फक्त घड्याळांच्या भानगडीत पडतो."

रविवारी दुपारी वहिनी पोतं घेऊन मागच्या खोलीत शिरल्या आणि दारातच थबकल्या.

खिडकीतून ऊन आत येत होतं. छताला दोरीनं टांगलेली एक बाई अगदी सावकाश फिरत होती. तिचा चेहरा म्हणजे चाळण. चाळणीतून पडलेले उन्हाचे ठिपके भिंतीवरून, पोत्यावरून, वहिनींच्या हातांवरून सरकत होते. छत्रीच्या काड्यांच्या बरगड्या श्वास घेतल्यासारख्या हलत होत्या. पाठीवर टेपची लांब वेणी. खोली पाण्याखाली असल्यासारखी शांत झाली होती.

ती बाई उजेडाकडे मान वर करून सुईत दोरा ओवत होती, आणि तिचं डावं कोपर जरासं बाहेर आलं होतं.

वहिनींनी नकळत स्वतःचं कोपर चाचपलं.

मग पाठीतली किसणी दिसली आणि जीव पुन्हा संसारात आला. "ही बघा माझी किसणी!" म्हणत त्यांनी ती ओढून काढली.

टांगलेल्या बाईची मान खाली गेली. चाळण छातीवर टेकली, भिंतीवरचे ठिपके विझले. आता ती चुलीपुढं वाकल्यासारखी दिसत होती.

"अगं बाई," वहिनी पुटपुटल्या. त्या ओळखीच्या पाठीकडे त्यांना बघवेना. त्यांनी घाईघाईनं किसणी परत खोचली. मान हळूहळू वर आली. ठिपके पुन्हा चालू लागले.

"मला कधी बघितलंत एवढं?"

"सतरा वर्षं बघतेय," नणंद कोपऱ्यातून म्हणाली. "तुला वर बघायला फुरसत कुठं होती?"

बराच वेळ दोघी ते ठिपके बघत राहिल्या. मग वहिनींनी पोत्याची घडी घातली.

"वन्सं, खिडकीपाशी मशीन मावेल ना? तुमची माणसं जरा पलीकडे सरकवा."

"मावेल की. चिंध्या मात्र माझ्या."

"घ्या. कात्रीला हात लावाल तर याद राखा."

मशीन खिडकीत गेलं. सदरे पुन्हा परत आले नाहीत. किसणीवाली बाई दोन वर्षांनी मोठ्या कलादालनात गेली. गुडघे चालत होते तोवर वहिनी दरवर्षी तिला भेटायला जायच्या. पहारेकरी म्हणायचा, "आजी, हात लावू नका." त्या म्हणायच्या, "अरे, किसणी माझीच आहे."

नणंद वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, गणवेशाच्या चिंध्यांचा घोडा अर्धा ठेवून गेली. वहिनींनी त्याची शेपटी शिवून पुरी केली. घड्याळवाल्याची नजर गेली. आता तो नुसत्या टिकटिकीवरून कुठलं घड्याळ मागं पडतंय ते सांगतो. वहिनी त्याच खिडकीत बसतात आणि सुई अजून स्वतःच ओवतात, कोपर बाहेर काढून. ब्याऐंशी साली घेतलेली नवी किसणी मात्र अजून जागच्या जागी आहे. ती कुणी नेत नाही, याचं त्यांना अधूनमधून वाईट वाटतं.