राहिलेला काना

"बाथरूममध्ये घसरून पडली," मुलाने परस्पर सांगून टाकलं.

म्हातारीचं डावं मनगट टेबलावर होतं, सुजून काळंनिळं झालेलं. नर्स फॉर्म भरत होती. "असंच झालं ना आजी?"

म्हातारीने आधी मुलाकडे पाहिलं, मग मान हलवली. मागच्या खेपेला ती जिन्यावरून पडली होती, त्याआधी पलंगावरून. दिवसभर एका खुर्चीत बसून असणारी बाई इतकी पडते कशी, हे कुणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. "सही करून ठेव, आलोच," म्हणत तो बाहेर गेला. दार अर्धवट उघडंच राहिलं.

"एकदा वाचून घ्या आणि सही करा," नर्सने तिच्या हातात पेन दिलं.

वाच, असं तिला फार दिवसांनी कुणी सांगितलं होतं. चौतीस वर्षं ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. भल्याभल्यांच्या वेलांट्या तिने सरळ केल्या होत्या; घरात मात्र ब्र काढायची सोय नव्हती. कारणाच्या रकान्यात नर्सने लिहिलं होतं, 'पडल्यामुळे'.

बाहेर मुलगा फोनवर हसत होता. बोलणं संपलं की तो तिला घरी नेणार आणि आतून कडी लावणार. तिने 'प'पुढे एक उभी रेघ ओढली आणि डोळे मिटून घेतले.

"पाडल्यामुळे..." नर्स वाचता वाचता थांबली. "आजी, माझं काही चुकलं का?"

"काना राहिला होता."

नर्सने आवाज खाली आणला. "कुणी पाडलं?"

म्हातारीने दाराकडे बोट केलं.

"आज घरी जायचं नाही. पोलिसांना कळवूया. चालेल?"

"चालेल. पण तू मला सोडून जाऊ नकोस गं."

मुलगा आत आला. एक्स-रेच्या खोलीबाहेर राहिलेल्या तिच्या चपला त्याच्या हातात होत्या. "झालं ना? चल."

"मी येणार नाही." आवाज इतका बारीक, की तिचा तिलाच ऐकू आला नाही. तिने नर्सचा हात घट्ट धरला. "मी येत नाही. चपला ठेव आणि जा."

"वयामुळे काहीही बोलते," तो नर्सकडे पाहून हसला.

"त्यांनी लिहून दिलंय," नर्सने फॉर्म उचलून दाखवला.

त्याने वाचलं. त्याचा जबडा आवळला, तशी म्हातारी भिंतीला चिकटली. आता हात उठणार, हे तिला ठाऊक होतं. पण दारात माणसं जमली होती. तो वाकला आणि त्याने चपला खाली ठेवल्या, जोडीने, टाचा भिंतीला लावून. लहानपणी तिनेच शिकवलं होतं तशा.

मनगट मोडलं तेव्हा ती रडली नव्हती. आता तिला रडू आवरेना.