लिफ्टमधली हल्ली

दयानंद मूळचे निपाणीचे, आणि बंगळुरात मारतहळ्ळीतल्या एका अकरा मजली इमारतीचे सेक्रेटरी. कन्नड त्यांना घडाघडा येई, पण ती निपाणीची. मागच्या सभेत पाण्याच्या टाकीवर ते पाच मिनिटं बोलले, तेव्हा शेवटच्या दोन रांगा खुर्चीतून घसरेपर्यंत हसल्या. ते त्यांना फार लागलं. त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर घेतलं. आपण मराठीत बोलायचं. ते टाइप करणार, कन्नडमध्ये भाषांतर करणार आणि वर एका बाईच्या गोड आवाजात वाचूनही दाखवणार.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी घसा खाकरून माइकवर सूचना सांगितली: "हल्ली लिफ्टमध्ये एकदम आठ-आठ, दहा-दहा जण शिरतात. काही बोललं तर अंगावर येतात. लहान मुलांना सांभाळा. शक्यतो जिना वापरा."

"एकदा ऐकून तरी बघा," त्यांची बायको महानंदा म्हणाली.

"मशीन आहे ते. माणसासारखं चुकत नाही." त्यांनी रविवारी सकाळी साडेसातची वेळ लावली, इमारतीचे स्पीकर जोडले आणि दुसऱ्या दिवशी निवांत फिरायला गेले.

परत येऊन बघतात तर जिना माणसांनी फुललेला. एका मजल्यासाठीसुद्धा लिफ्ट लागणारे दहाव्या मजल्यावरचे यशोवर्धन धापा टाकत उतरत होते. दयानंदना बघून ते थांबले, म्हणाले, "थँक यू सर. बरं झालं, वेळेवर सांगितलंत."

दयानंदना भरून आलं. एका सूचनेत इमारत सुधारली! लिफ्ट रिकामीच उभी होती. ते आत पाऊल टाकणार, तोच वॉचमन मंजुनाथ खराटा घेऊन धावत आला.

"सर, बेडा! बेडा!"

"नको कशाला? मी एकटाच आहे, चालतं," दयानंद म्हणाले आणि बटण दाबलं. दार मिटताना मंजुनाथनं हात जोडलेले त्यांना दिसले. नोकरानं इतका मान द्यावा, हे त्यांना पटलं.

नवव्या मजल्यावर दार उघडलं, तर समोर वीसेक माणसं. ती एकदम मागे सरली. शेजारच्या गंगव्वा मात्र पुढे आल्या. त्या चिक्कोडीच्या, मराठी छान बोलायच्या. त्यांनी दयानंदची पाठ नीट न्याहाळली.

"अण्णा, कुठल्या खांद्यावर पडली? उजव्यावर असली तर लाभ आहे बघा."

"काय पडली?"

"पाल की हो! तुम्हीच नाही का सांगितलं?"

दयानंद घरात धावले आणि सूचना लावली. बाई गोड आवाजात सांगत होती की लिफ्टमध्ये आठ-आठ, दहा-दहा पाली एकदम शिरतात आणि त्यांना काही बोललं तर अंगावर येतात. त्यांची पहिलीच 'हल्ली' मशीननं कन्नड समजून घेतली होती, आणि कन्नडमध्ये हल्ली म्हणजे पाल. महानंदा हसत हसत जमिनीवरच बसली.

"लगेच दुरुस्त करतो," म्हणत त्यांनी माइक ओढला. "लिफ्टमध्ये एकही पाल नाही!"

या वेळी ऐकायला त्यांना धीरच नव्हता. स्पीकर गरजले आणि दोन मिनिटांत दारावर थापा पडू लागल्या. मशीननं 'पाल' म्हणजे कन्नडमधलं 'पालु' मानलं होतं, म्हणजे वाटा. लिफ्टमध्ये कुणाचाही वाटा नाही, असं बाईनं साऱ्या इमारतीला बजावलं होतं.

"आमचा वाटा कसा नाही?" यशोवर्धन दहा मजले चढून-उतरून लाल झाले होते. "पाली असोत, आमची लिफ्ट आहे!"

दयानंदनी कॉम्प्युटरची वायरच उपटली. माइक थेट स्पीकरला जोडला आणि आपल्या निपाणीच्या कन्नडमध्ये, मध्ये दोनदा अडखळून, सगळा घोळ सांगितला. मजल्यामजल्यावरून हसू ऐकू येऊ लागलं. यशोवर्धन हसता हसता दाराच्या चौकटीला टेकले. पण पाली नाहीत आणि वाटा आहे, हे सगळ्यांना कळलं. दयानंदनी शेवटी गर्दीबद्दलही सांगून टाकलं.

दुपारी भाजी आणायला दोघं निघाली. लिफ्ट आली, दार उघडलं. महानंदा बाहेरच थांबली.

"आधी तुम्ही शिरा," ती म्हणाली. "आणि जरा वर बघून घ्या."